जळक्या ऑइलची गाडी आणि निळी प्रत

समुद्रपूर तालुक्यात आमचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. पान्याचं काम ह्यांचं आणि दोन पोरांचं, कागदांचं माझं. जळकं ऑइल, म्हणजे ट्रॅक्टरमधून काढलेलं वापरलेलं ऑइल, उचलून नेणारी ही गाडी दीड वर्षापासून आमच्याकडे येते, आतापर्यंत सहा फेऱ्या झाल्या. पाचपैकी चार तारे देते आहे. खेड्यातल्या गॅरेजवाल्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आमच्याकडे काय चालायचं ते सांगते. एका ट्रॅक्टरमधून सात-आठ लिटर जळकं ऑइल निघतं. पेरणीआधी मे-जूनमध्ये रांग लागली की २०० लिटरचा ड्रम पंधरा दिवसांत भरतो. कुणी उधई लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना लावायला न्यायचं, कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना. उरलेलं विटाभट्टीवाला रोख पैसे मोजून न्यायचा. यात काही गैर आहे असं आम्हाला वाटलंच नाही. मग एका पावसाळ्यात रात्री ड्रम कलंडला आणि ऑइल नालीतून शेजारच्या काकाजींच्या विहिरीत उतरलं. सकाळी पाण्यावर मोरपंखी तवंग. काकाजी एक शब्द बोलले नाहीत. आठवडाभर त्यांचे बैल आमच्या दारावरून दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी प्यायला जात होते, ते मी ओट्यावरून पाहत होते. विहीर आम्ही दोनदा उपसून दिली, तरी वास महिनाभर गेला नाही.

त्यानंतर कागद नीट करायचे म्हणून एका सल्लागाराला पैसे दिले. त्याने हातात ठेवलं ते पावतीपुस्तकातलं एक पान, ‘स्क्रॅप ऑइल मिळाले’ असं लिहिलेलं. त्या पानाला काही अर्थ नव्हता. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत जळकं ऑइल पहिल्या अनुसूचीत ५.१ क्रमांकावर आहे. ते मंजुरी असलेल्याच रिसायकलरकडे, म्हणजे त्यावर प्रक्रिया करून पुन्हा वापरात आणणाऱ्याकडे द्यायचं, आणि सोबत नमुना १० म्हणजे मॅनिफेस्ट, मालासोबत जाणारा कागद, लागतं. त्याच्या सात रंगांच्या सात प्रती असतात. पांढरी आपण प्रदूषण मंडळाला पाठवायची, पिवळी आपल्या फायलीत ठेवायची. आणि निळी प्रत, माल पोचल्यावर घेणाऱ्याने सही करून आपल्याला परत पाठवायची असते. ऑइल खरंच रिसायकलरकडे गेलं की वाटेतच एखाद्या भट्टीत, हे त्या निळ्या कागदावरून कळतं. दुसरं कसं कळणार?

या सेवेच्या पाचही जुन्या फेऱ्यांची निळी प्रत मला घरपोच मिळाली. पहिली सतराव्या दिवशी आली. वजन आणि तारीख माझ्या पिवळ्या प्रतीशी जुळवून पाहिली, बरोबर होती. तीन तारे मी एवढ्यासाठीच देते.

चौथा तारा ड्रायव्हरभाऊंचा. पहिल्या फेरीला त्यांनी लांब पोकळ नळी ड्रमच्या तळापर्यंत सोडली, वरचं तोंड अंगठ्याने दाबलं, नळी बाहेर काढली आणि अंगठा थोडा थोडा सैल करत बादलीत थेंब सोडले. आधी तळातलं उतरलं, ते दुधाळ, चहासारखं. मग काळंभोर ऑइल. “ताई, खाली पाणी हाय. धुलाईचं पाणी याच्यात जाते काहून?” पोरं रॅम्पवरची बादली त्याच ड्रममध्ये रिकामी करत होती. ड्रायव्हरभाऊंनी त्यांना बोलावून तीच नळी त्यांच्या हातात दिली आणि पुन्हा करून दाखवायला लावलं. तीस लिटर वजावट झाली, मला ती पटली. तेव्हापासून ऑइलचा ड्रम वेगळा, झाकण लावून, शेडखाली फरशीवर असतो. ड्रमवर लावायचे स्टिकर त्यांनीच दिले, पिवळ्याधमक रंगावर लाल अक्षरांत मराठी, हिंदी, इंग्रजीत ‘घातक कचरा’. नियमात तसंच सांगितलं आहे.

आता कमी काय पडलं ते. दोन ड्रम भरल्याशिवाय गाडी येत नाही. ऑक्टोबरनंतर आमचं काम मंदावतं आणि साठवणुकीची मुदत ९० दिवसांची. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असलेल्यांना मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण त्यासाठी मंडळाकडून परवानगी घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. हे गाडीवाल्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. गेल्या हिवाळ्यात माझे ८४ दिवस भरले तेव्हा फोनवर नुसतं “बघतो” असं उत्तर मिळालं. शेवटी जाम गावाकडच्या दोन गॅरेजवाल्यांना मीच गाठलं, तिघांकडे एकाच दिवशी गाडी आली आणि प्रत्येकाचं मॅनिफेस्ट वेगळं झालं. अशी जोडफेरी त्यांनी स्वतःहून लावली तर खेड्यातली कितीतरी गॅरेजं यात येतील.

ऑइल पुसलेल्या चिंध्या आणि जुने फिल्टर ही गाडी घेत नाही. ते बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे द्यावे लागतात, आणि त्याचे पैसे आपल्याला भरावे लागतात. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या डीलरकडे परत.

भाव विचाराल तर भट्टीवाल्यापेक्षा लिटरमागे सहा-सात रुपये कमी मिळतात. ह्यांना सुरुवातीला ते फार लागलं. आता नाही लागत. वार्षिक विवरण, नमुना ४, ३० जूनपर्यंत भरायचं असतं, नेमकं पेरणीच्या गर्दीत. यंदा पिवळ्या आणि निळ्या प्रती समोर ठेवून मी ते एका संध्याकाळी भरलं, कुणा सल्लागाराकडे गेले नाही.

सहाव्या फेरीला आज अकरा दिवस झाले. निळी प्रत अजून यायची आहे. आली की तारखेसकट इथेच लिहीन, नाही आली तरी लिहीन.