उभारून कामाचं टेबल का अधूनमधून उठणं?

भावा, शिरोली एमआयडीसीत दिवसभर अकाउंट्सला बसतोस म्हणून विचारलंस, तर खर्चात उठणं फुकट, उंची बदलणारं टेबल हजारोंत जातंय आणि ऑफिसनं ठेवू द्यायला पाहिजे ते वेगळंच. पण उठायचं ध्यानात ठेवावं लागतं, मार्च एंडला अलार्म बंद करून माणूस परत बसतोयच, तिथं टेबल बरं, काम थांबत नाही. तब्येतीचं म्हणशील तर नुसतं उभारून कॅलरी किंचितच जास्त जळतात आणि तासन्तास उभारलं की कंबर धरते, पाय सुजतात. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात, ते टेबलानं तेवढं होत नाही. शिवाय डब्ल्यूएचओनं २०२० मध्ये सांगितलेला आठवड्याचा किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम दोन्हीतनं सुटत नाही, रंकाळ्यावर चालायला जाच. सलग कॉलवाल्यानं टेबल घ्यावं, तुझ्यासारख्या फाईलवाल्याला उठणंच लय बेस.