जुना स्कायडायव्हिंग सेट: सीझनभराच्या वापरानंतर काय टिकलं, काय बदलावं लागलं

सेट असा: नऊ सेलची (हवा भरणाऱ्या कप्प्यांची), झेडपी म्हणजे हवा न जाऊ देणाऱ्या कापडाची 190 चौरस फुटांची मेन (मुख्य पॅराशूट), तिला स्पेक्ट्रा या धाग्याच्या लाईन्स (दोऱ्या), जवळपास त्याच मापाची रिझर्व्ह (राखीव पॅराशूट), आरएसएल (मेन सोडून दिली की रिझर्व्ह उघडणारा पट्टा) बसवलेला कंटेनर, म्हणजे पाठीवरची पिशवी, आणि एएडी, म्हणजे वेळेवर काही उघडलं नाही तर आपोआप रिझर्व्ह उघडणारं यंत्र. सगळं सेकंडहँड, एकाच विक्रेत्याकडचं, आणि वापरणारा नुकताच परवाना हातात आलेला. निकाल आधीच सांगून टाकतो. मेनच्या कापडाने काडीचाही त्रास दिला नाही. त्रास दिला तो लाईन्सनी, पायलट शूटने (मेनला बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट) आणि कंटेनर बंद ठेवणाऱ्या, वीतभरही लांब नसलेल्या एका लूपने. खरेदीच्या वेळी मात्र सगळी चर्चा कापडाचा रंग आणि एकूण जंप (उड्या) किती, यावरच चाललेली असते.

मापापासून सुरुवात करू, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं वाचणं फुकट. कॅनॉपीवर, म्हणजे पॅराशूटच्या कापडी छतावर, छापलेला आकडा चौरस फुटांचा. विमानातून बाहेर पडतानाचं सगळं वजन, म्हणजे अंग, कपडे, हेल्मेट आणि पाठीवरचा सेट, पौंडांत घ्यायचं आणि त्याला या आकड्याने भागायचं. हे विंग लोडिंग. सेटचं वजन साधारण 10 ते 12 किलो धरा. 75 किलोचा माणूस सेटसकट 86 किलोच्या आसपास जातो, म्हणजे 190 पौंड, आणि 190 फुटी कॅनॉपीवर त्याचं लोडिंग होतं 1.0. नवशिक्याने याच्या वर जाऊ नये. तोच माणूस 170 वर 1.12 ला आणि 150 वर 1.27 ला पोचतो. लहान कॅनॉपी नुसती वेगाने पळत नाही. तिच्या लाईन्स आखूड असल्याने टॉगल (वळायला आणि ब्रेक लावायला हातात धरायची कडी) जरासा ओढला तरी ती झपकन वळते आणि वळताना उंचीही जास्त खाते. ‘दोन महिन्यांनी तुला लहानच लागणार आहे, आत्ताच घेऊन टाक’ हे वाक्य प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असतं. ऐकून सोडून द्यावं.

रिझर्व्हच्या मापाकडे तर कुणी बघतच नाही. बाजारात 190 ची मेन आणि 140 च्या आसपासची रिझर्व्ह अशा जोड्या सर्रास दिसतात, कारण आधीच्या मालकाला पाठीवर लहान कंटेनर हवा होता. रिझर्व्ह उघडते तेव्हा दिवस आधीच बिघडलेला असतो: उंची कमी, उतरायची जागा अनोळखी, आणि एएडीने उघडली असेल तर टॉगल धरायला माणूस शुद्धीवर असेलच असं नाही. त्यात रिझर्व्ह सात सेलची, जराशी हवा जाऊ देणाऱ्या कापडाची. तिचा फ्लेअर (उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग मोडणं) मेनसारखा भरभरून येत नाही. तिच्या लेबलवर कमाल वजन छापलेलं असतं, पण ती शेवटची मर्यादा झाली. मेनला लावलेलं गणित हिलाही लावायचं.

मग हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे पट्टे. खांद्यावरच्या थ्री-रिंगपासून (मेन सोडून देता येणाऱ्या तीन कड्यांच्या जोडापासून) मांडीच्या पट्ट्याच्या जोडापर्यंत येणारी उभी पट्टी, म्हणजे मेन लिफ्ट वेब, तिची लांबी प्रत्येक अंगाला वेगळी लागते. ती लांब असली की फ्रीफॉलमध्ये (कॅनॉपी उघडण्याआधी पडताना) सगळा सेट पाठीवर हलतो आणि कटअवे (बिघडलेली मेन सोडून देणं) व रिझर्व्हची हँडल्स जागा सोडतात. कॅनॉपी उघडल्यावर माणूस हार्नेसमध्ये खाली सरकतो, छातीची पट्टी हनुवटीकडे येते आणि टॉगल हाताला पुरत नाहीत. जमिनीवर उभं राहून हे कळत नाही. ड्रॉपझोनवर, म्हणजे जंपच्या मैदानावर, प्रशिक्षणासाठी हार्नेस टांगायची सोय असते; तिथे रायझरने (हार्नेस आणि लाईन्स जोडणाऱ्या पट्ट्यांनी) लटकून दोन्ही हँडल बघून, मग न बघता चाचपावीत. माप बदलून मिळतं, पण हार्नेस उसवून शिवण्याचा अधिकार मास्टर रिगरला (रिगर म्हणजे पॅराशूट पॅक आणि दुरुस्त करणारा परवानाधारक) किंवा कारखान्यालाच असतो, आणि तो खर्च ‘स्वस्तात मिळालं’ हा आनंद पुरता घालवतो.

कंटेनरही ठरावीक मापाच्या कॅनॉपीसाठीच शिवलेला असतो. उत्पादकाच्या तक्त्यात कुठल्या कंटेनरमध्ये कुठली मेन आणि कुठली रिझर्व्ह बसते ते दिलेलं असतं. मेन एक माप खाली गेली तर बहुधा लूप आखूड करून निभतं. त्याहून लहान मेन आत सैल पडते आणि लूपमध्ये अडकवलेल्या पिनवर ताण राहत नाही.

आता एएडी. इथे पैशांचा हिशेब सर्वांत सरळ आहे आणि तरी लोक गंडतात. सायप्रेस 2 या एएडीचं आयुष्य उत्पादनाच्या तारखेपासून साडेपंधरा वर्षं (जुन्या यंत्रांचं याहून कमी). त्यानंतर ते विमानात चढवायचं नाही. अकरा वर्षं जुनं यंत्र म्हणजे साडेचार वर्षं शिल्लक, म्हणून नव्याच्या किमतीच्या तीस टक्क्यांहून जास्त देण्याचं कारण नाही. इतर बनावटींची मुदत आणि सर्व्हिसचं वेळापत्रक वेगळं असतं, ते त्या त्या मॅन्युअलमधून पाहावं. यंत्र चालू करून बघायचं: सायप्रेस आकडे मोजत शून्यावर येऊन थांबलं तर ठीक, मध्येच दुसराच आकडा धरून बसलं तर तो एरर कोड. मोडही बघा. लाल बटण एक्स्पर्टचं, पिवळं स्टुडंटचं, निळं टँडमचं. परवाना मिळालेल्याला एक्स्पर्ट लागतं: सेकंदाला 35 मीटरहून जास्त वेगाने पडत साधारण 225 मीटरवर आलात, तर ते रिझर्व्हचा लूप कापतं.

रिझर्व्हचं उरलेलं आयुष्य तिच्या लेबलवर आणि पॅकिंग कार्डावर वाचता येतं. परफॉर्मन्स डिझाइन्सच्या रिझर्व्हच्या लेबलवर चौकटी छापलेल्या असतात. प्रत्येक रिपॅकची (उघडून, तपासून पुन्हा भरण्याची) आणि प्रत्येक उघडण्याची खूण रिगर तिथे करतो. 40 रिपॅक किंवा 25 वेळा उघडणं, जे आधी होईल ते झालं की ती तपासणीसाठी कारखान्यात पाठवावी लागते. रिपॅकची मुदत देशोदेशी वेगळी. अमेरिकेत 180 दिवस. ‘रिपॅक अजून चार महिने चालेल’ म्हणून किंमत वाढवणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं, कारण तो पॅक तुम्ही लगेच उघडणारच आहात. आणखी एक, कित्येक रिगर वीस वर्षांहून जुनी रिझर्व्ह किंवा कंटेनर पॅकच करत नाहीत. पैसे देण्याआधी आपल्या रिगरला उत्पादनाचं वर्ष आणि सिरियल नंबर कळवावेत. त्या सिरियलवर एखादं सर्व्हिस बुलेटिन (उत्पादकाची दोषाबद्दलची सूचना) निघालेलं असेल तर तेही तेव्हाच कळतं.

तपासणी विक्रेत्याच्या रिगरकडून नको. सेट थेट आपल्या रिगरकडे, पैसे तिसऱ्याकडे, आणि अहवाल आल्यावर सौदा पक्का. रिगर मेनमध्ये सर्वांत आधी बघतो ती मधल्या सेलची वरची बाजू, ब्रायडल (पायलट शूटला जोडणारी पट्टी) जिथे जोडलेली असते तिथली. कापड आधी थकतं ते तिथे. मग लाईन्स जिथे कापडाला शिवल्या आहेत ते टाके, एका लाईनच्या दोन होतात ते जोड, आणि स्लायडरची (लाईन्सवरून सरकत उघडण्याचा वेग आवरणाऱ्या कापडाची) ग्रोमेट्स, म्हणजे धातूच्या कड्या. ग्रोमेटची परीक्षा घरीही होते: कडेवरून कापसाचा बोळा फिरवायचा, तंतू अडकला की खाच आहे, आणि तीच खाच प्रत्येक उघडण्याला लाईन किसते. हार्नेसवर एखादी घडी उलटून आतला आणि बाहेरचा रंग ताडून बघा. फरक ठळक असेल तर सेट उन्हात खूप राहिला आहे, आणि नायलॉनला उन्हाइतकं दुसरं काही खात नाही. झेडपी कापड नवं असताना सळसळतं आणि हातातून निसटतं. मऊ पडलेली कॅनॉपी ‘पॅक करायला एकदम सोपी’ म्हणून विकली जाते. सोपी असते हे खरंच, कापड झिजलंय म्हणून.

आता प्रत्यक्ष वापर. सुरुवातीला ओपनिंग संथ आणि सरळ होतं. मग हळूहळू कॅनॉपी उघडताना एका बाजूला वळायला लागली, थोडी झटकाही द्यायला लागली. पॅकिंगवर संशय जातोच, पण कारण लाईन्समध्ये होतं. स्लायडर प्रत्येक वेळी लाईन्सवरून घासत खाली येतो, त्या घर्षणाने तापून स्पेक्ट्रा आखडते, आणि सगळ्या लाईन्स सारख्या आखडत नाहीत: बाहेरच्या जास्त, टॉगलला जोडलेल्या ब्रेक लाईन्स सगळ्यांत जास्त. कॅनॉपीचा ट्रिम (लाईन्सच्या लांबीचा मेळ) बिघडतो तो असा. हवेत ओळखायची खूण सोपी आहे. टॉगल पूर्ण वर सोडायचे आणि मागे बघायचं. ब्रेक लाईन्स मागच्या बाजूला कमानीसारख्या झुकलेल्या दिसल्या पाहिजेत आणि शेपटीची कड सपाट. लाईन ताठ आणि शेपटी खाली ओढलेली दिसली, तर टॉगल न धरताच ब्रेक लागलेला आहे. अशा कॅनॉपीचा पुढचा रायझर ओढला की ती उड्या मारते, आणि फ्लेअर करताना अपेक्षेपेक्षा लवकर स्टॉल होते (उडणं थांबून कोसळते). या सेटवर तेच दिसलं. रिगरने लाईन ताणून उत्पादकाच्या ट्रिम चार्टशी ताडली, ब्रेक लाईन्सचे खालचे भाग लगेच बदलले आणि पूर्ण लाईन सेट पुढच्या रिपॅकबरोबर.

म्हणून विक्रेत्याला कॅनॉपीच्या जंप विचारायच्याच, पण लाईन सेटच्या जंप वेगळ्या विचारायच्या. स्पेक्ट्रा काही शे जंप चालते, ब्रेक लाईन्स त्याआधीच संपतात. डेक्रॉनची लाईन जाड असते, पॅक फुगतो, पण ती ताणली जाते म्हणून ओपनिंग मऊ होतं. नवशिक्याला ती मिळाली तर नाक मुरडू नये. व्हेक्ट्रान आणि एचएमएच्या लाईन्स माप बदलत नाहीत, मात्र झिजल्याचं डोळ्यांना फारसं न दिसताच तुटू शकतात.

पायलट शूटचं दुखणंही आखडण्याचंच. कोलॅप्सिबल (मेन उघडल्यावर मिटणाऱ्या) पायलट शूटच्या ब्रायडलमधून त्याला मिटवणारी किल लाईन जाते. पॅक करताना पायलट शूट कॉक करायचा (पुन्हा फुगेल असा ओढून ठेवायचा), आणि ब्रायडलवरच्या छोट्या खिडकीत रंगीत खूण दिसली की झालं, असं शिकवतात. किल लाईन आखडली की ही खूण फसवते: रंग दिसतो, पण शूट अर्धवटच फुगतो. कॉक केल्यावर जाळीतून आत बघा. किल लाईन थोडी सैल दिसायला हवी. ती ताठ असेल तर शूटचं डोकं आत ओढलं जातंय. वापरात याची चाहूल म्हणजे फेकल्यानंतर पिन निघेपर्यंतचा उशीर, आधी जाणवेल न जाणवेल इतकाच. तो वाढत जातो, आणि टोकाला पिन निघतच नाही. नवा पायलट शूट घेऊन टाकावा. सेटच्या किमतीत तो किरकोळ आहे. त्याच वेळी कंटेनरच्या तळाचा स्पॅन्डेक्सचा खिसाही तपासा. सैल पडलेल्या खिशातून शूट आपोआप बाहेर आला आणि पिन लागलेलीच राहिली, तर पुढचा प्रकार सावरायला अनुभवीही घाबरतात.

आणि तो लूप. नवशिक्याला झेडपीतली हवा नीट काढता येत नाही. मेन ठेवायची बॅग फुगते, कंटेनर बंद होत नाही, म्हणून क्लोजिंग लूप लांब केला जातो. पुढे हात बसतो, पॅक लहान व्हायला लागतो, लूप मात्र लांब तो लांबच राहतो. पिन इतकी सैल बसते की विमानाच्या दारात पाठ घासली तरी निघावी. दारात उघडलेला कंटेनर एकट्यापुरता राहत नाही, कॅनॉपी विमानाच्या शेपटीत अडकू शकते. पॅकिंग सुधारेल तसा लूप आखूड करत जायचा, पिन ओढून लावावी लागली पाहिजे, आणि लूपचे धागे दहाएक टक्के तुटलेले दिसले की नवा करायचा. रबर बँडचंही तसंच. लाईन्सच्या गड्डीला सैल झालेल्या बँडमधून लाईन्स आधीच सुटतात, कॅनॉपी बॅगमधून अवेळी बाहेर येते आणि असा दणका बसतो की मान आठवडाभर आठवण देते.

थ्री-रिंगने काही तक्रार आणली नाही, पण ती लक्ष दिल्यामुळे. महिन्यातून एकदा रायझर सोडून पट्ट्या हाताने वाकवून मऊ करायच्या आणि कटअवेची पिवळी केबल मॅन्युअलप्रमाणे पुसून घ्यायची. बराच काळ नुसत्या पडून राहिलेल्या जुन्या सेटमध्ये पट्ट्या कडक झालेल्या असतात आणि केबल मळून जड चालते.

नवी लाईन बसल्यावर कॅनॉपी ओळखीची राहत नाही. ब्रेकची सेटिंग बदललेली असते, ओपनिंगचा वेग बदलतो आणि फ्लेअरला टॉगल आधीपेक्षा खाली न्यावा लागतो. म्हणून पहिली जंप एकट्याने, उंचावरून, उघडणंही नेहमीपेक्षा वर. 600 मीटरच्या वरच टॉगल पूर्ण ओढून स्टॉल कुठे येतो ते दोन-तीनदा बघायचं, मग उतरण्याचा पॅटर्न धरायचा. लाईन सेट बदलल्याची तारीख लॉगबुकात वेगळ्या ओळीत लिहून ठेवा. सेट विकायला काढाल तेव्हा समंजस गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच विचारेल.