अ‍ॅबोरिजिनल कलाकारांच्या वस्तू: ख्रिसमसला घेतल्या, आता दिवाळी आली, वापरून काय वाटलं

गेल्या ख्रिसमसला घरच्या आणि ऑफिसच्या सगळ्या भेटी एकाच अटीवर घेतल्या होत्या. वस्तू अ‍ॅबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या रहिवाशांपैकी, माणसाच्या हातची असावी, नाहीतर निदान तिच्यावरच्या चित्राचे पैसे त्या चित्रकाराला पोचलेले असावेत. लोकांना द्यायला म्हणून आणलेल्यातलं बरंच काही आमच्याच घरात राहिलं, हे ओघानेच आलं. आता दिवाळी तोंडावर आहे आणि मेलबर्नमधल्या मैत्रिणींचे "काय घेतलं होतंस गं, कुठून?" असे मेसेज सुरू झालेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

घाईत असाल तर निकाल आधी वाचा. कुशन कव्हरं आणि गवताची टोपली डोळे मिटून घ्या. लेमन मर्टल आमच्या स्वयंपाकघरात कायमचं राहायला आलंय. डेव्हिडसन प्लम या इथल्या आंबट फळाची पूड मी परत आणणार नाही. टी-टॉवेलांची कहाणी वेगळी आहे, ती पुढे येईल.

कुशन कव्हरं बेटर वर्ल्ड आर्ट्सची. ही अ‍ॅडलेडची मंडळी मध्य ऑस्ट्रेलियातल्या चित्रकारांकडून रीतसर परवाना घेऊन चित्रं घेतात आणि ती लोकरीत भरून आणतात काश्मीरहून. हो, आपल्याच काश्मीरहून. आरीने घातलेला साखळी टाका, जाड सुती कापडावर, इंचभरही जागा मोकळी नाही. नवऱ्याने लेबल वाचलं आणि म्हणाला, "मेड इन इंडिया? मग हे अ‍ॅबोरिजिनल कसं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर त्याच लेबलवर होतं: चित्र कुणाचं, ती कुठल्या वस्तीची, चित्रात काय आहे आणि भरतकाम कुठे झालं, सगळं उघड लिहिलेलं. प्रत्येक कव्हरामागे चित्रकाराला रॉयल्टी जाते. मात्र ही कंपनी स्वतः अ‍ॅबोरिजिनल मालकीची नाही. तुमची अट मालकीची असेल तर हे त्यात बसत नाही. माझ्या अटीत बसलं.

माझ्या कव्हरावरचं चित्र युएंडुमूच्या एका चित्रकर्तीचं आहे. युएंडुमू म्हणजे अ‍ॅलिस स्प्रिंग्सपासून वायव्येला तीनेकशे किलोमीटरवरची वॉर्लपिरी लोकांची वस्ती. तिथलं वॉर्लुकुर्लांगु हे कलाकेंद्र १९८५ पासून चालू आहे आणि ते तिथल्याच लोकांच्या मालकीचं आहे. चित्र पाण्याच्या जुकुर्पाचं, म्हणजे पाऊस कुठून आला, कुठून वाहत गेला त्या पिढीजात कथेचं. वळणदार रेघा म्हणजे पुराचं पाणी, छोटी वर्तुळं म्हणजे वाळूत खणल्यावर पाणी लागतं त्या जागा, आणि आखूड पट्ट्या म्हणजे ढग. हे कळल्यापासून माझी धाकटी पाहुण्यांना कुशन हातात देऊन "इथे खणलं की पाणी लागतं" असं समजावून सांगते. पाहुणे चहाची वाट बघत असतात.

टिकाऊपणाचं बोलायचं तर या कव्हरांवर पोरं नाचली आहेत, वरण सांडलंय, हिवाळाभर मी त्यांना टेकून लॅपटॉपवर काम केलंय. गार पाण्यात हलक्या हाताने धुते, पिळत नाही, सावलीत आडवी वाळवते. लोकरीचा रंग जराही उतरला नाही. मागच्या सुती कापडाचा काळा मात्र किंचित विटलाय. एकदा माझी बांगडी अडकून एक टाका वर ओढला गेला. साखळी टाका तसाच सोडला तर उसवत जातो, म्हणून लगेच सुईने उलट्या बाजूला ओढून गाठ मारली. आता मलाही ती जागा शोधावी लागते. किंमत आपल्या मॉलमधल्या कुशनच्या तिप्पट-चौपट, पण मॉलमधली कुशनं आमच्याकडे एवढी टिकलेली नाहीत.

आता टोपली. जान्पी डेझर्ट वीव्हर्सची. यांच्याबद्दल जरा पाल्हाळ लावणार आहे, सहन करा. पश्चिम ऑस्ट्रेलिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी जिथे मिळतात त्या वाळवंटी पट्ट्यातल्या बायकांची एक परिषद आहे, एनपीवाय विमेन्स काउन्सिल. तिने १९९५ मध्ये टोपल्या विणण्याची कार्यशाळा घेतली आणि त्यातून हा उद्योग उभा राहिला. तो आजही त्या परिषदेचाच आहे. आज चारशेहून जास्त बायका यात विणतात. दुकान-ऑफिस अ‍ॅलिस स्प्रिंग्सला, पण विणकाम आपापल्या वस्तीत, बहुतेकदा मोकळ्या रानात बसून. शिकारीला, कंदमुळं शोधायला बाहेर पडायचं आणि येताना गवत तोडून आणायचं. २००५ मध्ये ब्लॅकस्टोनच्या बायकांनी गवताची अख्खी टोयोटा गाडी विणली, खऱ्या गाडीएवढी, आणि ऑस्ट्रेलियातला अ‍ॅबोरिजिनल कलेचा सर्वांत मोठा पुरस्कार नेला. गाडीच का? तर त्या भागात टोयोटाशिवाय पान हलत नाही.

माझी टोपली ओंजळीएवढी आहे. आत गवताची जुडी, गोल गोल वेटाळलेली, आणि तिला रंगीत राफियाने, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या पानांच्या धाग्याने, टाके घालत वर चढवलेलं. जवळून पाहिलं तर टाके सारखे नाहीत. खाली लांब लांब, वर येताना दाट, आणि मध्येच जांभळा राफिया संपला म्हणून गुलाबी घेतलाय. काठाशी एमूची चार पिसं खोवलेली. कोणी विणली, कुठल्या वस्तीत, ते चिठ्ठीवर आहे. मी तिच्यात आलं-लसूण ठेवणार होते, पण तेव्हा इथे आलेल्या सासूबाईंनी डोळे वटारले, त्यामुळे ती देवघराशेजारी वस्त्रं-वाती सांभाळते. नवी असताना उन्हात तापलेल्या कुरणाचा वास यायचा, अजूनही दमट दिवशी येतो. मेलबर्नच्या हिवाळ्यात बुरशी धरेल अशी भीती होती. अधूनमधून खिडकीत ऊन दाखवते, काही झालेलं नाही. ओली मात्र करू नका.

स्वयंपाकघरात या. लेमन मर्टल हे क्वीन्सलंडच्या वर्षावनातलं झाड. पानांच्या तेलात नव्वद टक्क्यांच्या वर सिट्राल असतं, आणि गवती चहाला वास येतो तोही सिट्रालचाच. म्हणजे पुढचं सांगायला नको. सुकी पानं कुस्करून चहात टाकली, आणि इतकी वर्षं इथे एशियन ग्रोसरीत गवती चहाच्या काड्या शोधत हिंडत होते ते थांबलं. वास लिंबाचा असला तरी आंबट अंश नाही, त्यामुळे दूध फाटत नाही. प्रमाण मात्र जपून. एका कपाला अर्ध्या पानापेक्षा जास्त टाकलंत तर चहाला भांडी घासायच्या साबणाचा वास येतो. तांदळाच्या खिरीत छान लागतं. पोह्यांत अजिबात नाही.

वॉटलसीड म्हणजे बाभळीच्या कुळातल्या इथल्या झाडांचं बी, भाजून दळलेलं. वास कॉफी आणि भाजलेल्या बदामाच्या मधला, पण कॅफिन नाही. पाडव्याला श्रीखंडात घातलं, निम्म्या लोकांना आवडलं. नाचणीच्या लाडवांत घातलं, सगळ्यांना आवडलं. डेव्हिडसन प्लमची पूड आमसुलाच्या जागी आमटीत टाकून पाहिली. आंबटपणा झकास, रंग असा की मुलांनी आमटीला "बीटचं सूप" म्हणून नाकारलं. आणि त्या किमतीत कोकणातून वर्षाचं आमसूल येईल. जॅम घ्या, पुडीच्या फंदात पडू नका.

एक गोष्ट मात्र पाकिटं चाळताना खटकते. ही झाडं हजारो वर्षं ज्यांनी ओळखली, जपली, त्यांच्या वाट्याला ऑस्ट्रेलियातल्या या मूळच्या खाद्यपदार्थांच्या धंद्यातला अगदी किरकोळ हिस्सा येतो. सुपरमार्केटातल्या लेमन मर्टलच्या डब्यावर बहुतेकदा मालकीचा पत्ताच नसतो. शोधायचं असेल तर सप्लाय नेशनची यादी आहे. २००९ मध्ये सुरू झालेली ही संस्था मालकी तपासून नोंद करते: निम्मी मालकी असेल तर नोंदणीकृत, आणि ५१ टक्के किंवा जास्त मालकी, शिवाय कारभारही त्यांच्याच हातात असेल तर प्रमाणित. मी तिथून नावं काढली आणि थेट त्यांच्याकडून मागवलं.

टी-शर्टबद्दल थोडक्यात. क्लोदिंग द गॅप्स हा मेलबर्नचाच अ‍ॅबोरिजिनल मालकीचा ब्रँड. "आपण हे घालावं का?" हा माझा संकोच त्यांनीच मिटवला. प्रत्येक कपड्यावर "अलाय फ्रेंडली" की "मॉब ओन्ली" ते लिहिलेलं असतं, पहिला कुणीही घालावा, दुसरा फक्त त्यांच्या लोकांनी. काळा-लाल-पिवळा अ‍ॅबोरिजिनल झेंडा हॅरल्ड थॉमस यांनी १९७१ मध्ये काढला, पण कपड्यांवर तो छापायचे हक्क एका बिगर-अ‍ॅबोरिजिनल कंपनीकडे गेले होते. तो मोकळा व्हावा म्हणून याच मंडळींनी मोहीम चालवली, आणि २०२२ मध्ये सरकारने दोन कोटी डॉलरहून अधिक मोजून हक्क विकत घेतले. कापड जाड, छपाई शाबूत, माप किंचित मोठं. झालं.

आता ते टी-टॉवेल. ऑफिसच्या सीक्रेट सँटामध्ये मला मिळाले, कुणी दिले माहीत नाही, आणि देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. कांगारू, आजूबाजूला ठिपकेच ठिपके, आणि चित्रकाराचं नाव कुठेच नाही. कापड इतकं पातळ की ताट पुसलं की हात ओला. थोड्याच धुण्यांत कांगारू फिका पडून मांजर झाला. हा प्रकार इथे किती मोठा आहे ते नंतर वाचलं. ऑस्ट्रेलिया सरकारच्या उत्पादकता आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे अ‍ॅबोरिजिनल धाटणीच्या असल्या भेटवस्तूंवर लोक जो पैसा खर्च करतात त्यातला निम्म्याहून बराच जास्त अस्सल नसलेल्या मालावर जातो. बिरुबी आर्ट नावाच्या घाऊक कंपनीने इंडोनेशियात बनवलेली बूमरँग, डिजरिडू (फुंकून वाजवायची लांब लाकडी नळी) वगैरे १८ हजारांहून जास्त नग इथलीच अ‍ॅबोरिजिनल कला असल्याच्या थाटात विकले. २०१९ मध्ये न्यायालयाने २३ लाख डॉलर दंड ठोठावला, पण तोवर कंपनीचं दिवाळं निघालं होतं.

म्हणजे बाहेरच्या देशात बनलं हा गुन्हा नाही, माझी कव्हरंही काश्मीरची आहेत. नाव लपवणं हा गुन्हा. आपल्याकडे वारली चित्रं छापलेले कप, कुर्ते, लग्नपत्रिका किती फिरतात! वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली, तरी त्या कुर्त्यावरचा तारपा कुणी काढला हे विचारलंय आपण कधी? मीही आता विचारते.

आणि हे ठिपके म्हणजेच अ‍ॅबोरिजिनल कला, हाही गैरसमज. ठिपके वाळवंटातले. १९७१ मध्ये तिथल्या पापुन्या नावाच्या वस्तीतल्या शाळेच्या भिंतीवर मुंग्यांचं चित्र रंगवलं गेलं, त्यातून पुढे ती चळवळ कॅनव्हासवर आली. उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक जाळीदार रेघा असतात. आणि आम्ही राहतो त्या व्हिक्टोरियात कोरीव रेघा, शंकरपाळ्यासारखे आकार, पोसम या झाडावर राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्याचे झगे. हे बघायचं असेल तर फेडरेशन स्क्वेअरमधल्या कूरी हेरिटेज ट्रस्टमध्ये जा. वरती प्रदर्शन, खाली दुकान. तिथून घेतलेलं रेघांचं छोटं प्रिंट दिवाणखान्यात लावलंय आणि घरात येणारा प्रत्येक जण आधी ते वारली समजतो.

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लेमन मर्टलचे साबण लुटले, अ‍ॅबोरिजिनल मालकीच्या एका छोट्या उद्योगाकडून घाऊक मागवलेले. प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या यांना कंटाळलेल्या बायकांनी मनापासून कौतुक केलं. दोघींनी नंतर स्वतः मागवले. हा सबंध वर्षातला माझा सर्वांत यशस्वी व्यवहार.

तक्रारी? आहेत. पोस्टाला वेळ लागतो. आवडलेली वस्तू "संपली" म्हणजे खरंच संपली, तशी दुसरी येत नाही. काही ठिकाणी वेबसाइटवर मापं नीट दिलेली नसतात. किमतींबद्दल घरात खडाजंगी झाली, पण कलाकेंद्रातून चित्र घेतलं की साधारण निम्मे किंवा त्याहून जास्त पैसे कलाकाराला जातात, हा हिशोब मांडल्यावर ती मिटली.

ख्रिसमससाठी घ्यायचं असेल तर ऑर्डर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टाका. दूरच्या वस्त्यांतली बरीच कलाकेंद्रं उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत बंद असतात, आणि उत्तरेत तेव्हा पावसाने रस्ते तुटतात. यंदा आईसाठी कव्हरांची जोडी, वहिनीला टोपली, आणि ऑफिससाठी वॉटलसीड. सीक्रेट सँटाच्या चिठ्ठीवर या वेळी दुकानाचा पत्ता लिहूनच टाकणार आहे.