ठोकायचा रिव्हेट की ओढायचा?

अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या, स्वतः जोडायच्या विमानांच्या दोन किट घ्या. आरव्ही-१२ मध्ये बहुतेक रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या मेखा) ओढायचे, आरव्ही-१४ मध्ये मुख्यतः ठोकायचे. दोन्ही विमानं अ‍ॅल्युमिनियमचीच, पण मेहनतीत जमीन-अस्मानाचा फरक.

ओढायच्या रिव्हेटला एकच माणूस आणि एकच बाजू पुरते. मधली खिळी ओढून रिव्हेट घट्ट करणारा पुलर मात्र काटकोनात, पत्र्याला दाबून धरा. तिरका झाला की डोक्याखाली फट राहते. बसवलेला रिव्हेट काढताना आधी मधली खिळी ठोकून बाहेर पाडा, मगच ड्रिल लावा. नाहीतर खिळी कडक असल्यामुळे ड्रिल घसरतं आणि भोक वाकडं होतं.

ठोकायच्या रिव्हेटला एका बाजूला एअर हॅमर (हवेच्या दाबावर चालणारा हातोडा), दुसऱ्या बाजूला बकिंग बार (रिव्हेटच्या टोकाला टेकवून धरायचा जड धातूचा ठोकळा). बंद जागेत मदतनीस हवाच. १/८ इंच जाडीचा रिव्हेट ठोकण्याआधी पत्र्याबाहेर साधारण ४.८ मिमी असावा. ठोकल्यावर बारच्या बाजूचं डोकं ४.८ मिमी रुंद, १.६ मिमी उंच. जास्त लांब असेल तर वाकतो, बार कलला तर डोकं एका बाजूला सरकतं. वर कातडीवर, म्हणजे विमानाच्या बाहेरच्या पत्र्यावर, सपाट डोकं हवं तर प्रत्येक भोकाला डिंपल (डोकं आत बसेल असा खळगा) पाडणं आलंच. बदल्यात वाऱ्याला अडथळा कमी.

पहिलंच विमान आणि मदतीला कोणी नाही? आरव्ही-१२ घ्या.