युझूचा रस की कागदी लिंबू?

युझू म्हणजे जपानी स्वयंपाकात वापरलं जाणारं लिंबासारखं आंबट फळ. जळगाव-धुळ्यात त्याचा रस हवा तर आयात केलेली बाटलीच मागवावी लागते, आणि ती महागच पडते. कागदी लिंबू मात्र कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मिळतं.

युझूची खरी कमाई सुवासात आहे. जपानात कोची भागात त्याचं मोठं पीक होतं. फळात बिया भरपूर, रस थोडा, आणि वास मुख्यतः सालीच्या तेलात. म्हणून रस उकळला की वास उडतो आणि पैसे वाया. गॅस बंद करून शेवटी घालायचा. २ चमचे सोया सॉस, १ चमचा युझू रस, एवढ्यात काकडीची झकास कोशिंबीर होते. काही बाटल्यांत मीठ असतं, लेबल वाचूनच सरबताला घ्या.

शेवभाजीच्या झणझणीत तर्रीपुढे मात्र युझूचा नाजूक वास टिकत नाही. तिथे लिंबाची थेट आंबट धारच हवी. फक्त फोड फार दाबू नका, सालीचा कडूपणा उतरतो.

क जीवनसत्त्व दोन्हींत आहे. डाळ-मेथीतलं लोह अंगी लागायला दोन्ही सारखेच उपयोगी. त्यासाठी युझू घेण्याची गरज नाही.

उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवा. रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलात तर जास्त टिकतो.

रोजच्या ताटाला लिंबू. केक, सॅलड, जपानी पदार्थ हौसेने करणाऱ्यांनी युझूची छोटी बाटली घ्यावी.