लेथला आरपीएम मीटर: हातातला, व्हीएफडीचा, चुंबकाचा की प्रॉक्सीचा?

गोव्यात बेतोड्याला माझ्या एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे. साडेपाच फुटी लेथ, एक पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर आणि कोपऱ्यात हौसेखातर घेतलेला लाकडाचा लेथ. मालीमच्या ट्रॉलरांची गनमेटलची बुशं, खाणीवरच्या टिपरांच्या पिना, मधेच कुणाच्या तरी गेटची चाकं, असं काम. गेल्या पावसाळ्याआधी त्याने लेथची जुनी सिंगल फेज मोटर काढून २ एचपीची थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (विजेचे हर्ट्झ बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवला. आता वेग नॉबने कमीजास्त होतो, पण चक (काम पकडून फिरवणारा भाग) नेमका किती आरपीएमने, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांनी, फिरतोय हे काही कळत नाही. "कुठला मीटर घेऊ, सांग," म्हणाला. मी म्हटलं, कुठल्या मशीनला ते आधी ठरव, मग मीटरचं बघू.

कारण चारही मशीनना मीटर लागतोच असं नाही. पिलर ड्रिलचंच घ्या. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर नुसत्या हिशेबाने १५०० आरपीएम देते, प्रत्यक्षात लोडवर १४४० च्या आसपास. पुढचं सगळं पुल्यांच्या व्यासाचं गणित. पावसात व्होल्टेज डगमगलं तरी इंडक्शन मोटरचा वेग फारसा हलत नाही. पट्ट्याच्या पाच जागांचे पाच आकडे एकदा मोजायचे, ऑइल पेंटने झाकणाच्या आतून लिहायचे, विषय संपला. बेंच ग्राइंडर तर एकाच वेगाने फिरतो, २८८० च्या आसपास. तिथे बघायचा आकडा व्हीलच्या लेबलवर असतो: त्या व्हीलचा कमाल आरपीएम. तो ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त असला म्हणजे झालं.

ते पाच आकडे एकदाच मोजायला हातातला लेसर टॅको (टॅकोमीटर, फेऱ्या मोजणारं यंत्र) पुरतो. फिरणाऱ्या भागावर चकाकणाऱ्या टेपचा बोटभर तुकडा चिकटवायचा, मशीन चालू करून वीतभर अंतरावरून लाल ठिपका त्यावर धरायचा. बाजारात सर्रास मिळणारे हे टॅको २.५ पासून ९९,९९९ आरपीएमपर्यंत मोजतात, ५० ते ५०० मिलिमीटर अंतरावरून चालतात आणि अचूकतेत इथल्या कुठल्याही पर्यायाला हार जात नाहीत. किंमत हजार रुपयांच्या आसपास. एक खोड मात्र आहे. चक नवा आणि चकचकीत असेल तर जॉवरूनही (चकच्या पकडणाऱ्या दातांवरूनही) उजेड परत येतो आणि आकडा दुप्पट-तिप्पट होतो. टेपच्या दोन्ही बाजूंना काळा मार्कर फासला की सुधारतो.

पण काम करताना एका हातात टॅको धरून दुसऱ्या हाताने क्रॉस स्लाइड फिरवायची हे मी कुणालाच सांगणार नाही, लांब बाह्यांचा शर्ट घालून तर नाहीच. आणि हातातली वस्तू हातोहात जाते. माझा टॅको चतुर्थीच्या आधी शेजारच्या गिरणीवाल्याने नेला, तो तुळशीच्या लग्नाला परत आला.

आता खरा प्रश्न लेथचा. तिथे आकडा सतत समोर हवा, कारण लेथवर व्यास बदलत राहतो. हिशेब साधा आहे: मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीडला ३१८ ने गुणायचं आणि मिलिमीटरमधल्या व्यासाने भागायचं. माइल्ड स्टील, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, २५ मीटर धरले तर ४० मिलिमीटरच्या बारला २०० आरपीएम. त्याच बारचं तोंड फेस करत, म्हणजे सपाट कापत, टूल १० मिलिमीटर व्यासावर आलं की ८०० हवेत. पट्ट्याच्या लेथवर इथे कुणी थांबून पट्टा बदलत नाही, सगळे एकाच वेगावर रेटतात. नॉब असला की हे फेसिंग करता करता जमतं, पण आकडा दिसत असेल तरच.

यावर जुने मेस्त म्हणतील, आम्ही आवाजावरून ओळखतो. ओळखतात, खरंच. पण टूल आवाजापेक्षा जास्त काटेकोर असतं. टूलच्या आयुष्याचं जे सूत्र फ्रेडरिक टेलरने १९०७ साली मांडलं, त्यात एचएसएससाठी नेहमीचा घातांक घातला तर वेग १० टक्के वाढवल्यावर टूलचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. कार्बाइडला एवढा फटका बसत नाही, साधारण तिसरा हिस्सा जातो. कानाला २०० आणि २२० मधला फरक कळतो का, हे ज्याने त्याने ठरवावं. तरी एक समजून घ्या: इथे दोन आकड्यांची अचूकता पुष्कळ झाली. २०० च्या ठिकाणी २०३ दिसले म्हणून काही बिघडत नाही.

मग व्हीएफडीचाच डिस्प्ले का नको? तो फुकट आहे, आधीच बसलेला आहे. कारखान्यातून येताना तो हर्ट्झ दाखवतो, पण बहुतेकांत सेटिंग बदलून आरपीएम दाखवता येतो. हा आकडा मोजलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे लोडवर ३-४ टक्के फुगलेला निघतो. तेवढं चालून जाईल. खरी अडचण पट्ट्याची आहे. २०० आरपीएम हवेत म्हणून मोटर १० हर्ट्झवर रांगवली तर तिचा स्वतःचा पंखाही तेवढाच हळू फिरतो, मोटर तापते, आणि जाड कट घेतला की चक अडखळतो. शहाणा टर्नर अशा वेळी पट्टा मोठ्या पुलीवर टाकतो आणि मोटर ३५-४० हर्ट्झवर ठेवतो. पट्टा हलला की व्हीएफडीच्या आरपीएमला काही अर्थ उरत नाही, कारण त्याला मोटर दिसते, स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) दिसत नाही. पट्टा कायम एकाच खाचेत ठेवणार असाल तर पुढचं वाचू नका, व्हीएफडीचं सेटिंग करा आणि पैसे वाचवा.

बाकीच्यांनी सेन्सर स्पिंडलवर बसवावा. इथे दोन पर्यायांत निवड आहे: चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर किंवा लोखंड ओळखणारा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी, ज्याला सगळे नुसतं प्रॉक्सी म्हणतात. दोन्ही दिसायला सारखेच, आटे पाडलेली १२ मिलिमीटरची नळी आणि तीन वायरी: तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. गल्लत इथूनच सुरू होते.

हॉलचा सेट चार आकडी लाल डिस्प्ले आणि बटणाएवढ्या चुंबकासकट एका पाकिटात मिळतो. तोही हजाराच्या आसपास, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा. सेन्सर आणि चुंबक यांच्यात ५-६ मिलिमीटर अंतर राहिलं तरी पकडतो, त्यामुळे बसवणाऱ्याची फार परीक्षा घेत नाही. मी पहिल्यांदा हाच घेतला आणि दोन चुका केल्या. एक, चुंबकाची कुठलीही बाजू चालेल असं समजून चिकटवला. हा सेन्सर एकाच ध्रुवाला ओळखतो. चुंबक उलटा लागला की डिस्प्लेवर शून्य, आणि माणूस वायरी तपासत बसतो. सेन्सरच्या मागचा छोटा दिवा चुंबक जवळ नेल्यावर बदलतो का ते आधी हातात धरून बघायचं, वरच्या बाजूला मार्करने खूण करायची, मग गोंद. दुसरी चूक गोंदाचीच. ८ मिलिमीटर व्यासाचा, ५ मिलिमीटर जाडीचा चुंबक भरतो जेमतेम २ ग्रॅम. पण ५० मिलिमीटर त्रिज्येवर २००० आरपीएमला तो बाहेर ओढला जातो जवळपास ४५० ग्रॅमच्या जोराने. तेलकट लोखंडावरचा फेव्हिक्विक हे किती दिवस सोसणार? माझा चुंबक चौथ्या दिवशी सुटला आणि गियरच्या कव्हरवर ठण्णकन आपटला. नशीब, कव्हर बंद होतं.

यावर उपाय आहे. नायलॉनची किंवा अॅल्युमिनियमची कॉलर वळायची आणि तिच्या दर्शनी तोंडात, म्हणजे शाफ्टला समांतर, आंधळं भोक पाडून चुंबक त्यात बसवायचा. मग ओढ भोकाच्या भिंतीवर येते, गोंदावर नाही. सेन्सर त्या तोंडासमोर आडवा.

पण त्यानेही जे सुटत नाही ते म्हणजे कीस. लोखंड कापणाऱ्या मशीनमध्ये चुंबक बसवला की आठवड्याभरात त्याला दाढी येते. पुसली की पुन्हा येते. माझ्या लेथवर ती दाढी सेन्सरच्या तोंडावर घासायला लागली आणि आकडा ६०० वरून मधेच दुसरीकडेच उडू लागला. गियरच्या बंद कव्हरआड कीस कमी जातो हे खरं, पण ग्राइंडिंगची धूळ तिथेही पोचते.

प्रॉक्सीला चुंबकच लागत नाही. कॉलरमध्ये एक बोल्ट घट्ट बसवायचा, त्याचं डोकं समोरून गेलं की एक ठोका. एम८ बोल्टचं डोकं १३ मिलिमीटरचं असतं, म्हणजे १२ च्या सेन्सरचं तोंड बरोबर झाकणारं. ४ मिलिमीटर पल्ल्याचा सेन्सर घ्या आणि अंतर अडीच ते तीन ठेवा. इथे हात सैल ठेवून चालत नाही, ब्रॅकेट जाड पट्टीचं हवं. बोल्ट लोखंडाचाच हवा: अॅल्युमिनियमसमोर याचा पल्ला अर्ध्याहूनही खाली येतो. म्हणून कॉलर अॅल्युमिनियमची आणि बोल्ट लोखंडाचा ही जोडी छान जमते. समोरासमोर दोन बोल्ट लावले की तोलही राहतो, फक्त मीटरला "फेरीला दोन ठोके" हे सांगता आलं पाहिजे.

हा सांगता येण्याचा मुद्दा डिस्प्ले निवडताना महत्त्वाचा. पाकिटातला स्वस्त डिस्प्ले फेरीला एकच ठोका धरतो. ६० आरपीएमला चुडी (आटे) कापताना त्याला सेकंदाला एकच ठोका मिळतो, मग आकडा मागे मागे रखडत येतो. प्रॉक्सीबरोबर पॅनलवर बसणारा रेट मीटर घेतला तर ठोक्यांची संख्या भरता येते. तो थेट २३० व्होल्टवर चालतो आणि बहुतेकांत सेन्सरला लागणारे १२ व्होल्टही तोच पुरवतो, वेगळा अडॅप्टर नको. सिग्नल देण्याच्या पद्धतीवरून सेन्सरच्या एनपीएन आणि पीएनपी अशा दोन जाती असतात, घेताना मीटर कुठल्या जातीचा हे विचारून त्याच जातीची प्रॉक्सी घ्या. सगळं मिळून खर्च हॉलच्या सेटच्या दुप्पट-तिप्पट होतो. लेथवर मी तो करेन. पोटापाण्याच्या मशीनवर दर शनिवारी चुंबकाची दाढी करायला मला वेळ नाही.

लाकडाच्या लेथवर मात्र उलट. भुसा चुंबकाला चिकटत नाही, तिथे हॉलचा स्वस्त सेट वर्षानुवर्षं चालतो. आणि तिथे आकडा सुरक्षेसाठीही लागतो. लाकूडवाल्यांचा ठोकताळा असा: इंचातला व्यास गुणिले आरपीएम, उत्तर ६००० ते ९००० मध्ये असावं. ८ इंचांच्या वाडग्याला ७५० ते ११००. फणसाचा ओबडधोबड गोळा चढवून नॉब आधीच्या कामाच्या २००० वर राहिला असेल तर मशीन चालू करण्याआधी कळलेलं बरं. म्हणून सुरू करताना नॉब शून्यावर, मीटर नंतर. लाखकाम करणाऱ्यांना यातलं काही नको असतं, लाख घर्षणाने वितळायला लागली की हातालाच कळतं.

जागा निवडताना जुन्या लेथवाल्यांनी एक बघावं. ज्यात बॅक गियर (वेग आणखी कमी करणारे जोडगियर) आहे, त्यात पायऱ्यांची पुली स्पिंडलवर बसलेली दिसते, पण बॅक गियर लावला की ती स्पिंडलवर सुटी फिरते आणि स्पिंडल तिच्यापेक्षा कितीतरी हळू. बोल्ट त्या पुलीवर लावला तर मीटर धडधडीत खोटं सांगेल. स्पिंडलच्या मागच्या टोकाला, नटाच्या बाहेर जिथे शाफ्ट उघडा असतो, तिथे कॉलर घाला. सेन्सरची वायर शिल्डवाली घ्या आणि व्हीएफडीपासून मोटरला जाणाऱ्या केबलपासून दूर न्या. दोन्ही एकाच पाइपमधून नेल्या तर चक थांबलेला असतानाही मीटरवर आकडे नाचतात.

आणि आपली हवा. सेन्सर रेझिनने भरलेला असतो, त्याला पावसाचं काही होत नाही. आधी जातो तो डिस्प्ले. उघड्या पाठीच्या डिस्प्लेच्या टर्मिनलवर दोन पावसाळ्यांत हिरवं चढतं. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात घाला, वायरीची ग्लँड (वायर आत घेणारं घट्ट बूच) खालच्या बाजूला काढा.

बसवून झालं की मीटर खरा बोलतो का हे फुकटात बघता येतं. चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. चार जॉचा चक १५०० आरपीएमला फिरला तर सेकंदाला १०० जॉ समोरून जातात आणि चक जागच्या जागी थांबलेला दिसतो. तीन जॉच्या चकला तेच २००० वर होतं. तुमच्या चकला तेवढा वेग परवानगीचा असेल तरच करा. आणि हे करताना वर्कशॉपात दुसरं कुणी असेल तर त्याला आधी सांगा, कारण थांबलेला दिसणारा चक थांबलेला नसतो. मित्राच्या पोराने हे बघितल्यावर दुसऱ्याच दिवशी लेथवरची ट्यूब काढून साधा पिवळा बल्ब लावला.