नौपाड्यातलं जुन्या कॉमिक्सचं दुकान: कप्पे चित्रकारांचे, भाव नायकांचे

रद्दीवाल्याकडे कॉमिक्स किलोवर जातात. ठाण्यात नौपाड्यातल्या या छोट्या दुकानात ती उभी लावलेली असतात, आणि कप्प्यांवर वेताळ (फँटम), सुपरमॅन अशी नावं नाहीत. राम वाईरकर, साय बॅरी, जॅक कर्बी अशी चित्रकारांची आहेत. सर्वांत थोर कॉमिक्स-चित्रकार कोण, या वादाला हीच मांडणी हवी. नायक पुढे आला की त्याला काढणारा हात मागे पडतो.

वाईरकरांचा कप्पा सर्वांत भरलेला. अनंत पैंनी 1967 साली सुरू केलेल्या अमर चित्र कथेतला 'कृष्ण' आणि टिंकल या मुलांच्या मासिकातला सुपंडी शेजारी ठेवून बघा. एकीकडे दागिने, वस्त्रांच्या चुण्या, भरलेली चौकट. दुसरीकडे चार रेषांत उभा केलेला वेंधळेपणा. दोन्ही एकाच माणसाचं काम. आपल्याकडच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच, निदान आमच्या मते.

बॅरीच्या कप्प्यात मात्र घोळ आहे. त्यात बॅरीच्या आधी वेताळ काढणाऱ्या विल्सन मॅकॉयचे अंकही घुसलेत. मॅकॉयची रेषा सपाट, माणसं जरा ताठ. 1961 पासून आलेल्या बॅरीकडे ब्रशच्या गडद सावल्या आणि हलती शरीरं. मुखपृष्ठ बघून लावलं की असंच होणार, कारण भारतात वेताळ छापणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सची मुखपृष्ठं इथल्या चित्रकारांनी रंगवलेली, आतलं काम अमेरिकेतलं. शिवाय वर्तमानपत्रातल्या पट्ट्या पानात बसवताना चौकटी कापल्या गेल्या. त्यामुळे बॅरीच्या रचनेवर निकाल द्यायला इंद्रजाल हा कच्चा साक्षीदार.

कर्बीच्या कप्प्यावर लेखक स्टॅन लीचं नाव खाली बारीक अक्षरात आहे. काहींना झोंबेल, पण त्यामागे कारण आहे. ली थोडक्यात कथासूत्र देई, कर्बी पानंच्या पानं रचून काढी, संवाद नंतर चढत. 'फँटॅस्टिक फोर' या मालिकेचे सलग 102 अंक या जोडीचे. त्यातलं 'लेखन' नेमकं कुणाचं, ते वेगळं काढणं अवघड. लेखक ॲलन मूरचं उलट: एकेका चौकटीचं पानभर वर्णन. तरीही त्याच्या 'वॉचमेन'च्या कप्प्यावरून चित्रकार डेव्ह गिबन्सचं नाव गायब असणं खटकतं. नऊ चौकटींची ती जाळी बारा अंक पेलली ती गिबन्सने.

घेताना अंक उघडायला लावा. दुकानात ते प्लास्टिकमध्ये बंद असतात आणि पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो. आधी पिना बघा: गंजल्या की कागद खातात आणि मधला ताव सुटतो. मधला ताव गेला तर सलग चार पानं जातात, हे लगेच कळतं. बाहेरचा गेला तर दोन पुढची, दोन मागची; हे घरी गेल्यावर कळतं. म्हणून पानं मोजाच. सेलोटेप लावलेला अंक नको, त्याचा पिवळा डिंक शाईपर्यंत झिरपतो.

भाव ठरतो तो नायकावर. पानं गळालेला वेताळ आणि पूर्ण वेताळ, दोन्हींना एकच किंमत; सांगूनही कमी होत नाही. आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला, 1976 साली आलेला इंद्रजालचा भारतीय नायक बहादूर मात्र खालच्या खोक्यात निम्म्या भावात पडलेला असतो. आधी तिथे वाका.